निळ्या तबकडीतली उडी

१

आमचं चष्म्यांचं दुकान रविवारी बंद असतं आणि दुकानामागची खोली खऱ्या अर्थाने रविवारीच उघडते. आठवडाभर बाबा तिथे काचा घासतात. चाकावर पाणी पडत राहतं, त्यामुळे खोलीला कायम ओल्या दगडाचा वास असतो. रविवारी दुपारची जेवणं झाली की ते चाकावर कापड टाकतात, कपाटावरचा रेकॉर्ड प्लेअर उतरवून टेबलावर ठेवतात आणि तो सरळ बसलाय का ते एक डोळा मिटून बघतात. मग एकेक जण यायला लागतो.

"भरली यांची शाळा," आई वरून म्हणते. आम्ही दुकानाच्या वरच राहतो.

शाळेत विद्यार्थी चारच. एक बाबा. दुसरा मामा, म्हणजे आईचा भाऊ, जो शहराची बस चालवतो. तिसरी आत्या, बाबांची बहीण, जिचं केस कापायचं दुकान आहे आणि जी बोलताना समोरच्याच्या केसांकडेच बघते. चौथे दातवाले काका, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. माझ्या वयाचे असताना चौघांनी वर्गणी काढून एक तबकडी विकत घेतली होती. तिच्या कव्हरवर नुसता निळा रंग आहे, बाकी काही नाही. त्या बँडमधले दोघे आता जगात नाहीत, उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. पण आमच्या मागच्या खोलीत ते सगळे अजून पंचविशीतच आहेत. मामाला गाण्यांचे निम्मे शब्द चुकीचे येतात आणि तेच तो सगळ्यात मोठ्याने म्हणतो. मोबाईलवर ऐकायला या चौघांच्या मंडळात बंदी आहे. मोबाईलवर गाणं ऐकणं म्हणजे फोटोला जेवू घालणं, असं बाबांचं मत आहे.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यात लांब आहे. त्यात गिटार जिना चढल्यासारखी हळूहळू वर जाते, आणि अगदी वर पोचल्यावर गाणारा श्वास घेतो. तो श्वास अर्धा असतानाच सुई उडायची आणि एकदम ड्रम सुरू व्हायचे. मध्ये काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. तबकडी आणली त्याच दिवशी, पहिल्यांदाच लावलेली असताना, मामा नेमका त्या जागी जोशात येऊन नाचला होता. खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. तो आपटला, सुई घसरली, चरा पडला. तेव्हापासून मंडळाचा नियम असा की ती जागा आली की सगळ्यांनी "उडी!" म्हणायचं आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे.

चरा पडून गेल्यावर पाय उचलून काय उपयोग, असं मी एकदा विचारलं होतं.

"याला श्रद्धा म्हणतात," दातवाले काका म्हणाले.

"दात पडल्यावर ब्रश घेतात ना, तशी," आई जिन्यातून म्हणाली.

मी दाराजवळच्या उंच स्टुलावर बसायचे. लहान होते तेव्हा माझे पाय जमिनीला पोचायचेच नाहीत, त्यामुळे उचलायचा प्रश्न नव्हता. पुढे पोचायला लागले, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडून पाय वर करायची लाज वाटायला लागली. मी फक्त बघायचे. चार मोठी माणसं खुर्च्यांवर बसून पाय हवेत धरून हसताहेत, हे आठवड्यातलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य होतं. मी तसं कुणाला सांगितलं नव्हतं.

२

त्या निळ्या आल्बमला चाळीस वर्षं झाली म्हणून तो नव्याने निघाला. दातवाले काकांनी तबकडी मागवली आणि तान्हं बाळ आणावं तशी दोन्ही हातांवर धरून आत आणली.

"हिच्यात उडी नसणार," आत्या म्हणाली. "मला तर रडूच येईल बाई."

"मध्ये काय आहे ते कळेल एकदाचं, आणि मी सुटेन," मामा म्हणाला. "जन्मभर या चऱ्यावरून बोलणी खातोय. आमच्या भाऊजींनी लग्नाच्या मांडवात सुद्धा काढला होता तो विषय."

"जुनीच लावू या का?" बाबा म्हणाले. सगळे त्यांच्यावर ओरडले.

नवी तबकडी इतकी स्वच्छ होती, की पहिल्या गाण्याआधीची शांततासुद्धा नवी वाटली. चौघे एकमेकांना खुणा करत होते, हे ऐकलंस का, ते ऐकलंस का. शेवटचं गाणं सुरू झालं. गिटार चढत गेली. श्वास आला आणि सवयीने चौघांचे पाय वर गेले.

मी तो श्वास पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. त्यानंतर गिटार थांबली. सगळंच थांबलं. उरला नुसता एका खोलीचा आवाज, कुणी नसलेल्या खोलीला असतो तसा. मग त्या खोलीत कुणीतरी चालायला लागलं. अनवाणी, लाकडावर, एकेक पाऊल टाकून थांबत.

मला हसू आलं. असला चक्रमपणा मंडळाला आवडणार, वर्षभर वाद घालायला पुरणार. त्यांचे चेहरे बघायला मी वळले.

चौघांचेही पाय अजून वर होते. मामाची बोटं मांडीवर ताल धरता धरता हवेत थांबली होती. काकांच्या ओठांना कप लागलेला होता आणि कलंडलेला चहा ओठांशी तसाच उभा होता, आत जात नव्हता, सांडतही नव्हता. आत्याचं तोंड "उ"च्या आकारात होतं. बाबांचे डोळे उघडे होते, पण आमच्या दुकानाच्या कपाटात चष्मा घालून ठेवलेल्या पुतळ्याचे असतात तसे.

पावलं चालत राहिली. मग ड्रम.

"—डी!" आत्या म्हणाली. पाय एकदम खाली आले, मामाची बोटं मांडीवर पडली, काकांनी चहा गिळला.

"वा!" बाबा म्हणाले. "काय आवाज आहे! पण उडी तशीच राहिली की रे."

"म्हणजे मूळ रेकॉर्डमध्येच आहे ती!" मामा उठून उभा राहिला. "ऐका, ऐका! मी निर्दोष आहे! मागा माफी. रांगेत या."

"बाबा, मध्ये आहे ना काहीतरी," मी म्हणाले. "कुणीतरी चालतंय."

चौघांनी माझ्याकडे बघितलं. मी मंडळात सहसा बोलत नाही.

"चालतंय?" काका म्हणाले. "आमच्या चिमणीला काय काय ऐकू येतं. कान तरुण आहेत बुवा."

"केस वाढलेत कानावर," आत्या म्हणाली. "उद्या ये, कापून देते."

३

ते माझी फिरकी घेत होते, असं मी ठरवलं. आधी ठरवून केलेलं नाटक. मोठी माणसं कधीकधी करतात. पण मामाला गुपित पोटात ठेवता येत नाही, आणि ओठांशी चहा थांबवून ठेवण्याचं नाटक कसं करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बाबा गिऱ्हाइकाचे डोळे तपासत असताना मी मागे जाऊन ते गाणं एकटीने लावलं. पावलं होतीच. आवाज लहान ठेवला होता, कान स्पीकरला लावला होता. चालणारा माणूस जड नव्हता. तो मुक्कामाला निघाल्यासारखा चालत नव्हता; अंधारात ओळखीची वस्तू शोधावी तसा चालत होता.

आमच्या खोलीत खिडकीखालची फळी सैल आहे. तिच्यावर पाय पडला की ती कुरकुरते, आणि पाय उचलला की पुन्हा एकदा, बारीक. स्पीकर टेबलावर होता, खिडकी माझ्या पाठीमागे. फळी कुरकुरली. मग बारीक कुरकुरली.

मी मागे बघितलं नाही. आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या आवाजात मी स्वतःला समजावलं: एका वस्तूच्या कंपनाने दुसरी वस्तू थरथरते, याला अनुनाद म्हणतात, मुलींनो. उदाहरणं लिहा. मी मनात उदाहरणं लिहिली. तेवढ्यात ड्रम आले आणि मी सुई उचलली.

संध्याकाळी बाबांना एकट्याला बसवलं. "फक्त तुम्ही आणि मी. नीट लक्ष द्या."

"परीक्षा घेतेस काय बापाची?" ते खूश झाले होते. इतक्या वर्षांत मी स्वतःहून ती तबकडी लावायला सांगितली नव्हती.

श्वास आला, पाय वर गेले, आणि बाबा थांबले. मी हाक मारली. खांदा हलवला. तो हलला, पण टांगलेला कोट हलतो तसा. मी त्यांचं मनगट धरलं आणि नाडी शोधली. शाळेत शिकवली आहे, अंगठ्याच्या मुळाशी. माझी मला सापडली. त्यांची सापडली नाही. या वेळी फळ्या टेबलाजवळ वाजत होत्या.

ड्रम आले आणि बोटाखाली नाडी उडाली.

"बघ," बाबा म्हणाले, "आलीच ना उडी? अगं... रडतेस कशाला? एवढं काही सुंदर नाहीये ते."

४

पुढच्या रविवारी मामाने किस्सा सांगितला. बस चालवताना तो हेच गाणं गुणगुणत होता आणि त्याचा एक स्टॉपच गळला.

"म्हणजे कसं, आधीचा स्टॉप आठवतो, नंतरचा आठवतो. मधला नाहीच. मागून सगळी बस ओरडतेय. एक आजी मला म्हणाल्या, 'मेल्या, झोपलास काय?' म्हटलं आजी, डोळे उघडे होते की माझे. तर म्हणाल्या, 'हो, म्हणूनच भ्यायले!'"

मंडळ पोट धरून हसलं. काकाही म्हणाले, काल एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून आपण कुठे होतो तेच कळेना. "वय झालं," आत्या म्हणाली. मी काकांच्या हाताकडे बघत होते. त्या हातात दिवसभर सुया आणि फिरणारी यंत्रं असतात.

त्याच आठवड्यात बाबा आणि मी काचांचं खोकं आणायला गेलो होतो. मोठा रस्ता होता. आम्ही निम्मा ओलांडला होता. बाबा तोंडातल्या तोंडात गुणगुणत होते आणि मी आपली खोकं सांभाळत होते, त्यामुळे गिटार चढत चालली आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. बाजूने चालणारा आवाज बंद पडला म्हणून मी वळले.

बाबा रस्त्याच्या मध्ये एका पायावर उभे होते. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून वर धरलेला. तळ्यात बगळा उभा राहतो तसे, अगदी न हलता. समोरून टेम्पो येत होता आणि हॉर्न वाजवत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

मी खोकं टाकलं आणि त्यांना कमरेला धरून ओढलं. टेम्पो इतका जवळून गेला, की त्याची गरम हवा पायांना लागली. ड्रायव्हरने मला नाही, बाबांना शिवी दिली. बाबांनी पाय खाली टेकवला, आणि रस्त्यावर पसरलेल्या काचांकडे बघून म्हणाले, "अरेच्चा. हे कधी पडलं?"

५

मी आईला सांगितलं. सगळं, पहिल्या रविवारपासून. आई हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते आणि दिवसभर घाबरलेल्या लोकांशी न घाबरता बोलते.

"तुझे बाबा मध्येमध्ये ऐकत नाहीत हे मला लग्नापासून माहीत आहे," ती म्हणाली. पण टेम्पोचं ऐकून तिने हातातली कात्री खाली ठेवली.

तिने बाबांना डॉक्टरकडे नेलं. डोक्याला तारा लावल्या, कागदावर रेघा आल्या, रेघा चांगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, झोप घ्या, आवडतं संगीत ऐका.

मी तबकड्या लपवल्या. नवी आणि जुनी, दोन्ही. बाबांनी विचारलंही नाही. ते काचा घासत गुणगुणत होते. चाक फिरत होतं आणि त्यांचं बोट चाकापासून एवढंसं दूर होतं. तेव्हा मला कळलं, की तबकडी लपवून काही होणार नाही. ती त्यांच्यात होती, मी जन्मायच्या आधीपासून.

"आई, तुला ती पावलं ऐकू येतात का?" मी विचारलं.

"हो. रविवारी जिन्यात होते तेव्हा ऐकली की. कुणीतरी चालतंय. त्यात काय एवढं? असतात असली गाणी."

म्हणजे आईला ऐकू येत होती, मला येत होती. त्या चौघांना नाही. मी रात्रभर नाही, पण वर्गात पूर्ण दिवस याचाच विचार केला. आई मंडळात कधी बसली नव्हती. मी बसले होते, जुनी तबकडी मला तोंडपाठ होती, तरीही मला येत होती. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एकच होता. मी कधी पाय उचलले नव्हते.

मग उपाय इतका सोपा होता, की मला वर्गातच हसू फुटलं आणि बाईंनी उभं केलं.

६

मी तबकडी परत जागेवर ठेवली. रविवारी मंडळ जमलं. मी माझ्या स्टुलावर बसले नाही. बाबांच्या खुर्चीजवळ खाली, फळ्यांवर बसले.

"आज खाली?" मामा म्हणाला. "बढती झाली वाटतं."

गिटार चढायला लागली. मी गुडघ्यांवर आले आणि बाबांच्या दोन्ही पावलांवर माझे दोन्ही हात ठेवले. सगळं वजन टाकलं.

"अगं, काय चाललंय? गुदगुल्या होतात."

"बाबा, आज उचलायचे नाहीत. माझ्यासाठी."

"नियम आहे," काका म्हणाले.

"लेकीने सांगितल्यावर कसला नियम," बाबा म्हणाले. श्वास आला. माझ्या तळव्यांखाली त्यांचे पाय वर यायला धडपडले, स्वतःचा जीव असल्यासारखे, आणि मी दाबून धरले. बाकीच्या तिघांचे वर गेले. "उ—" आत्या म्हणाली.

श्वास पूर्ण झाला. खोली शांत झाली. आणि बाबांनी मान वळवली.

जमलं होतं. ते थांबले नव्हते. त्यांना ऐकू येत होतं. मला इतका आनंद झाला, की ते कुठे बघताहेत ते माझ्या उशिरा लक्षात आलं. ते स्पीकरकडे बघत नव्हते. ते खिडकीजवळ जमिनीपासून उंच, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत होते, आणि त्यांची मान हळूहळू फिरत होती. खिडकीकडून टेबलाकडे. टेबलाकडून आत्याच्या खुर्चीकडे. आत्याचे उचललेले पाय जमिनीपासून वीतभर वर होते आणि त्यांच्याखालची फळी दबून वर आली.

"बाबा?"

"गप्प," ते ओठ न हलवता म्हणाले. "शोधतंय."

मी ज्या फळीवर गुडघे टेकून होते तिचं दुसरं टोक मामाच्या खुर्चीखाली जातं. ते टोक खाली गेलं. माझं टोक वर आलं. किंचित, गादीवर शेजारी कुणी येऊन बसलं की आपण उचलले जातो, तेवढंच. अनुनादाने असं होत नाही.

मी खाली बघत होते. माझे हात, हातांखाली बाबांचे पाय. दुसरं काही नव्हतं. मग माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर काहीतरी टेकलं. ते दिसत नव्हतं. ते कोमट होतं, आणि मऊ, आणि त्याला टाच होती. त्याने वजन टाकलं नाही. दिवे गेल्यावर पुढची पायरी आहे की नाही हे आपण पायाने चाचपतो, तसं त्याने चाचपून बघितलं.

मी हात काढून घेतले. मी कधी उठले ते मला आठवत नाही. मी स्टुलावर होते, आणि मी पाय वर ओढून घेतले, गुडघे छातीशी, दोन्ही.

लगेच ड्रम ऐकू आले.

७

मध्ये काही नव्हतं. गुडघे छातीशी आले आणि ड्रम सुरू झाले. जोडून. जुन्या तबकडीसारखे.

"—डी!" आत्या म्हणाली.

बाबा खुर्चीत बसलेले होते. पाय जमिनीवर सरळ, जोडलेले. ते घामाने भिजले होते आणि दाराकडे बघत होते.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "सगळं ऐकलं. अरे, शेवटी तो काय म्हणतो माहीत आहे का?"

"वा!" मामा म्हणाला. "दरवेळी अंगावर काटा येतो." तो काकांशी बोलत होता. दोघांच्या मध्ये बाबांची खुर्ची होती.

"ऐकताय का मेहुणे?" बाबा हसले. "मध्ये आहे रे काहीतरी. पोरगी बरोबर सांगत होती."

"काय ड्रम आहेत बुवा," काका मामाला म्हणाले. त्यांची नजर मामाकडून कपाकडे गेली आणि जाताना बाबांवरून गेली. थांबली नाही. अडखळलीसुद्धा नाही.

"आत्या," मी म्हणाले, "बाबा काहीतरी सांगताहेत."

आत्या माझ्याकडे बघत होती. मी तो शब्द उच्चारला आणि तिचा चेहरा थांबला. पुतळ्याचा झाला. मग परत तिचा झाला.

"काय गं, काय सांगताहेत?" ती म्हणाली. "कोण?"

बाबा उठून तिच्यासमोर उभे राहिले. तिला हाक मारली, लहानपणीच्या नावाने, मोठ्याने. आत्याने त्यांच्या पोटातून आरपार बघावं तसं नव्हे, तर त्यांना वगळून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चला, उशीर झाला, म्हणाली. बाबा मागे सरकत सरकत खुर्चीत बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

आई चहाचा ट्रे घेऊन आली. आई मंडळातली नव्हती, तिने कधीच उडी मारली नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. ती सरळ बाबांकडे आली, त्यांच्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली.

"अहो, पाय घ्या ना आत, किती—"

ट्रे दोन्ही हातांत होता. पाय वाटेत होते. तिने पाऊल उचललं आणि त्यांच्या पायांवरून पलीकडे टाकलं.

"—बिस्किटं संपली का सगळी?" पलीकडे उतरून ती म्हणाली.

८

कुणी रडलं नाही. तेच मला सहन होत नाही. माणूस गेला तर लोक रडतात, येतात, बसतात. आमच्याकडे नुसतं जोडून घेतलं. दुकान मामेबहिणीने चालवायला घेतलं, तेही जणू पहिल्यापासून तिचंच होतं. मी 'बाबा' हा शब्द उच्चारला की आई थांबते. पोळी तव्यावर असते आणि करपायला लागते, आणि मग आई परत येऊन म्हणते, लक्ष कुठे असतं माझं. म्हणून मी घरात तो शब्द उच्चारणं बंद केलं.

बाबा मागच्या खोलीत आहेत. शाळेतून आले की मी चहा घेऊन खाली जाते आणि स्टुलावर बसते. पहिले काही दिवस ते बोलायचे. शेवटी तो काय म्हणतो, ते मला कधी ऐकू आलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नाही. "तुझ्या कामाचं नाही ते," म्हणाले. हल्ली त्यांनी चपला घालणं सोडलं आहे. ते सावकाश चालतात, एकेक पाऊल टाकून थांबत, खिडकीपासून दारापर्यंत. कशाला चालता, म्हटलं तर म्हणाले, बसलं की वाटतं आपण नाहीच आहोत.

"हाक मार," ते म्हणतात. "हाक मारलीस की बरं वाटतं."

"बाबा."

"हं."

एवढंच आमचं बोलणं. रोज. पुरत होतं.

आज चहा इतका गरम होता, की कप टेबलावर ठेवताना माझं बोट भाजलं. बाबांनी वाफ चष्म्यावर घेतली आणि चष्मा सदऱ्याला पुसला.

"हाक मार."

"बाबा," मी म्हणाले.

ते बघत राहिले.

"अगं मार ना," ते म्हणाले.

"मारली की आत्ता."

टेम्पोच्या दिवशी मी त्यांच्याकडे बघितलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कप माझ्याकडे सरकवला. चहावर जाड साय धरली होती. भिंतीवरचं ऊन जमिनीवर उतरून दारापर्यंत गेलं होतं.

माझे पाय स्टुलाच्या दांडीवर होते. मी कधी वर घेतले ते मला कळलं नव्हतं. मी ते खाली ठेवायला गेले.

"नको," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार हळू येत होता, शेजारच्या घरातून यावा तसा. "वरच राहू देत."

"पण मग मी तुम्हाला—"

"माझं ऐक, चिमणे. खाली ठेवायचे नाहीत. आणि उद्यापासून चहा आणू नकोस. जा आता, आई हाक मारेल."

ते उठले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे चालायला लागले. फळी कुरकुरली. ती परत बारीक कुरकुरण्याची मी खूप वेळ वाट बघितली. मग कप घेऊन वर आले.

आईने नळ सोडला होता आणि भांडी घासायला नुकतीच सुरुवात केली होती. तिने माझ्या हातातल्या भरल्या कपाकडे बघितलं.

"कुणासाठी नेला होतास गं हा चहा?"

मी सांगायला तोंड उघडलं.

भांडी घासून झाली होती. आई हात पुसत होती.